भागाकारात हरवणारी दिशा

परवा संध्याकाळी माझी भाची वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली. डिप्लोमाचं दुसरं वर्ष, इलेक्ट्रिकल. चपला काढता काढताच म्हणाली, "मावशी, हा बिघडलाय बघ. पुस्तकात उत्तर १२६.८७ अंश आहे आणि हा वजा ५३.१३ सांगतोय."

उदाहरण छोटं होतं. एक्स वजा ३, वाय ४. यावरून अंतर आणि कोन काढायचा. अंतर ५ तिने बरोबर काढलं होतं. कोनासाठी तिने ४ ला वजा ३ ने भागलं, आलेल्या आकड्याचा टॅन इन्व्हर्स, म्हणजे ज्याचा टॅन तेवढा येतो तो कोन, घेतला आणि वजा ५३.१३ लिहून मोकळी झाली. कॅल्क्युलेटर ठणठणीत होता. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने अचूक दिलं होतं. विचारताना मात्र एक गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

बरीच वर्षं मी इलेक्ट्रिकलच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेतली, आणि ही एक चूक मी दर वर्षी पाहिली. हुशार मुलंही करतात. ती का होते हे एकदा नीट कळलं तर पुन्हा होत नाही, म्हणून जरा निवांत सांगते.

आपण मांडवीला उभे आहोत असं समजा. ती चौकोनी इमारत, प्रत्येक बाजूला तीन-तीन कमानी, आणि तिथून चार दिशांना निघालेले चार रस्ते. पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, पश्चिमेला लहेरीपुरा, दक्षिणेला गेंडीगेट. जुन्या बडोद्याच्या मधोमध जणू आलेखाचा कागदच अंथरलाय. मांडवी हा आरंभबिंदू. पाणीगेटचा रस्ता म्हणजे एक्स अक्षाची धन बाजू, लहेरीपुऱ्याचा म्हणजे ऋण बाजू. चांपानेर दरवाज्याकडे वाय धन, गेंडीगेटकडे वाय ऋण. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, एवढं आपण धरून चालू.

आता कुणाला एखादं ठिकाण सांगायचं असेल तर दोन रीतींनी सांगता येतं. पहिली रीत: "लहेरीपुऱ्याकडे ३०० पावलं जा, मग उजवीकडे वळून चांपानेर दरवाज्याच्या दिशेने ४०० पावलं जा." हे झाले कार्तीय निर्देशक, मुलं ज्याला रेक्टँग्युलर म्हणतात. दुसरी रीत अशी, की मांडवीच्या गच्चीवर उभं राहून बोट दाखवायचं: "या दिशेला, नाकासमोर ५०० पावलं." किती लांब आणि कोणत्या कोनात, एवढंच. हे ध्रुवीय निर्देशक, म्हणजे पोलर. कोन मोजायला सुरुवात पाणीगेटच्या रस्त्यापासून करायची आणि घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने जायचं. म्हणजे चांपानेर दरवाजा ९० अंशांवर, लहेरीपुरा १८० वर, गेंडीगेट २७० वर.

ठिकाण तेच, सांगण्याची रीत वेगळी. एका रीतीतून दुसऱ्या रीतीत जाणं, एवढाच हा सगळा विषय.

पोलरवरून रेक्टँग्युलरकडे जाणं सोपं आहे. अंतर गुणिले कोनाचा कोसाईन म्हणजे एक्स, अंतर गुणिले कोनाचा साईन म्हणजे वाय. चिन्हं आपोआप बरोबर येतात, कारण कोन नव्वदच्या पुढे गेला की कोसाईन स्वतःच ऋण होतो. तिथे घोळ होत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही.

घोळ उलट्या वाटेवर होतो. अंतर पायथागोरसने निघतं: ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, वर्गमूळ ५. कोनासाठी पुस्तकात लिहिलेलं असतं, वाय भागिले एक्स आणि त्याचा टॅन इन्व्हर्स. आता हा भागाकार जरा जवळून बघा. ४ भागिले वजा ३ म्हणजे वजा १.३३३. आणि वजा ४ भागिले ३? तेही वजा १.३३३. पहिला बिंदू मांडवीच्या वायव्येला आहे, लहेरीपुरा आणि चांपानेर दरवाज्याच्या मधल्या भागात. दुसरा त्याच्या बरोबर समोर, आग्नेयेला, पाणीगेट आणि गेंडीगेटच्या मध्ये. भागाकार करताच दोघांची दोन-दोन चिन्हं मिळून एकच चिन्ह उरलं आणि दोन्ही बिंदू एकसारखे दिसायला लागले. टॅन इन्व्हर्सच्या हातात फक्त वजा १.३३३ पडतं. वजा कुणाचा, वरच्या आकड्याचा की खालच्या, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. त्यामुळे तो ठरलेल्या नियमाने वजा ९० ते ९० याच पट्ट्यातलं उत्तर देतो. भाचीला जायचं होतं वायव्येला आणि ती गेली आग्नेयेला, बरोबर पाठमोरी.

म्हणून हाताने करायचं असेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. एक्स ऋण असेल तर टॅन इन्व्हर्सच्या उत्तरात १८० मिळवा. वजा ५३.१३ अधिक १८० म्हणजे १२६.८७, पुस्तकातलं उत्तर. एक्स धन असेल तर काही करू नका. आणि एक्स शून्य असेल तर भागाकार होतच नाही, कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. तिथे आकृतीकडे बघून सरळ ९० किंवा वजा ९० लिहायचं.

पण हे हाताने करायची गरज सहसा पडत नाही, कारण वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर नेमक्या याच कामासाठी एक सोय असते. तिचं नाव पोल, आणि उलट्या कामासाठी रेक. पोलला एक्स आणि वाय वेगवेगळे द्यायचे असतात, मध्ये स्वल्पविराम. भागाकार करून द्यायचा नसतो. दोन्ही आकडे आपापल्या चिन्हांसकट त्याच्याकडे पोचतात, म्हणून बिंदू कोणत्या चरणात, म्हणजे अक्षांमुळे पडलेल्या चार भागांपैकी कोणत्या भागात आहे, हे त्याला ठाऊक असतं आणि कोन अचूक येतो. एक्स शून्य असला तरी तो अडत नाही. ० आणि ५ दिले की मुकाट्याने ५ आणि ९० सांगतो.

बटणं मॉडेलप्रमाणे बदलतात. आपल्याकडे मुलांच्या हातात बहुतेक कॅसिओच असतो, म्हणून त्याचंच सांगते. जुन्या एमएस मालिकेत, म्हणजे एफएक्स ८२ एमएस किंवा ९९१ एमएस, पोल असं लिहिलेलं स्वतंत्र बटण आहे. ते दाबलं की कंस आपोआप उघडतो. मग वजा ३, स्वल्पविरामाचं बटण, ४, कंस बंद आणि शेवटी बरोबरच्या चिन्हाचं बटण. पडद्यावर ५ येतं आणि बस, एवढंच. कोन कुठे गेला? इथे निम्मी मुलं थांबतात आणि पुन्हा टॅन इन्व्हर्सकडे वळतात. कोन निघालेला असतो, तो मेमरीतल्या एफ नावाच्या कप्प्यात ठेवलेला असतो. आरसीएल दाबा आणि मग टॅनचं बटण दाबा, कारण त्याच बटणावर वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरात एफ लिहिलेलं आहे. १२६.८६९८९७६ दिसेल. अंतर पुन्हा हवं असेल तर आरसीएल आणि कोसाईनचं बटण, म्हणजे ई.

ईएस मालिकेत पोल शोधायला अधिकच्या बटणाकडे जायचं. शिफ्ट आणि अधिक म्हणजे पोल, शिफ्ट आणि वजा म्हणजे रेक. स्वल्पविरामाला वेगळं बटण नाही, शिफ्ट आणि बंद कंस दाबला की तो उमटतो. उत्तर मात्र दोन्ही एकदम येतं, आर बरोबर ५, थीटा बरोबर १२६.८६ आणि पुढचे आकडे. आकडे लांब असले तर दुसरं उत्तर पडद्याच्या बाहेर राहतं, उजव्या बाणाने सरकवून बघायचं. इथे अंतर एक्स कप्प्यात आणि कोन वाय कप्प्यात साठतो. पोलने काढलेलं अंतर एक्स नावाच्या कप्प्यात, हे नाव पहिल्यांदा बुचकळ्यात टाकतं, पण कप्प्यांची नावं आणि उदाहरणातला एक्स यांचा संबंध लावू नका.

पोलचा कोन वजा १८० पासून १८० पर्यंतच्या हिशेबात येतो, हेही माहीत हवं. एक्स वजा ३ आणि वाय वजा ४ दिलं तर तो वजा १२६.८७ म्हणेल. पुस्तकात २३३.१३ असेल. दोन्ही बरोबर आहेत. गेंडीगेट आणि लहेरीपुऱ्याच्या मधल्या त्याच दिशेला डावीकडून वळा किंवा उजवीकडून. ऋण कोनात ३६० मिळवले की पुस्तकातलं उत्तर हातात येतं.

या सगळ्याच्या आधी एक तपासणी, आणि ती मी मुलांकडून प्रत्येक वेळी करून घ्यायचे. पडद्याच्या वर बारीक अक्षरात डी, आर किंवा जी दिसतं. डी म्हणजे अंश, आर म्हणजे रेडियन हे कोनाचं दुसरं एकक, जी म्हणजे ग्रेडियन, ज्यात काटकोनाचे १०० भाग करतात. अंशातलं उदाहरण आर वर सोडवलं तर कॅल्क्युलेटर कुरकुर करत नाही, शांतपणे चुकीचं उत्तर देतो. अंतर २, कोन ६० दिला तर रेकने १ आणि १.७३२ द्यायला हवं. आर वर असेल तर तो वजा १.९०५ आणि वजा ०.६१ देतो, कारण त्याच्या लेखी ते ६० रेडियन असतात. संशय आला तर साईन ३० करून बघा. ०.५ आलं तर ठीक. वजा ०.९८८ आलं तर रेडियन, ०.४५४ आलं तर ग्रेडियन. ईएसवर शिफ्ट, मोड आणि ३ दाबलं की अंश. दुसऱ्याचा कॅल्क्युलेटर मागून परीक्षेला बसलात तर पहिली दोन मिनिटं यावर खर्च करा. मी अशी वही तपासलेली आहे जिच्यात रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होती आणि एकही उत्तर बरोबर नव्हतं. ती मुलगी नंतर कितीतरी वेळ बाकावर नुसती बसून होती.

भाचीने विचारलं, "पण मावशी, हा आतमध्ये करतो काय? त्याच्याकडे टॅनचं कोष्टक असतं का?" प्रश्न मला फार आवडला.

कोष्टक असतं, पण अगदी लहान. १९५९ साली जॅक व्होल्डर या अमेरिकन इंजिनीअरने कॉर्डिक नावाची रीत प्रसिद्ध केली. विमानाच्या दिशादर्शक यंत्रासाठी ती शोधलेली होती. १९७२ साली ह्युलेट-पॅकार्डचा एचपी ३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला, त्याच्या पोटातही याच घराण्यातली रीत होती. गंमत अशी, की या रीतीचा जन्मच मुळी पोलर आणि रेक्टँग्युलरच्या अदलाबदलीसाठी झालेला आहे.

कल्पना अशी. सोपं जावं म्हणून या वेळी दोन्ही आकडे धन घेऊ: बाण ३, ४ या बिंदूकडे रोखलेला आहे. तो ठरावीक कोनांनी फिरवत फिरवत एक्स अक्षावर आडवा पाडायचा, आणि एकूण किती फिरवला याचा हिशेब ठेवायचा. तो हिशेब म्हणजेच आपला कोन. फिरवायचे कोन असे निवडलेत की त्यांचा टॅन १, अर्धा, पाव, एक अष्टमांश असा निम्म्या-निम्म्याने येतो: ४५ अंश, २६.५६५, १४.०३६, ७.१२५. यामुळे गुणाकार करावा लागत नाही, निम्मं करायचं आणि मिळवायचं. यंत्र आकडे फक्त ० आणि १ वापरून, द्विमान पद्धतीत लिहीत असेल तर निम्मं करणं म्हणजे आकडा एक घर सरकवणं, आणि ते यंत्राला सगळ्यात सोपं.

करून बघू. ३ आणि ४. वाय धन आहे म्हणून बाण ४५ ने खाली आणा. नवा एक्स ३ अधिक ४ म्हणजे ७, नवा वाय ४ वजा ३ म्हणजे १. अजून वरच आहे, २६.५६५ ने आणखी खाली. एक्स ७ अधिक १ चं निम्मं, ७.५. वाय १ वजा ७ चं निम्मं, म्हणजे वजा २.५. आता बाण अक्षाच्या खाली गेला, म्हणून १४.०३६ ने वर. एक्स ८.१२५, वाय वजा ०.६२५. अजून खालीच, ७.१२५ ने वर. एक्स ८.२०३, वाय ०.३९१. आतापर्यंतचा हिशेब ४५ अधिक २६.५६५ वजा १४.०३६ वजा ७.१२५, म्हणजे ५०.४०४. पुढची पायरी ५३.९८ वर नेते, त्यापुढची ५२.१९ वर, मग ५३.०८. हेलकावे लहान होत होत ५३.१३ वर स्थिरावतात. एक्स तोवर ८.२३४ च्या आसपास पोचतो. प्रत्येक फिरवण्यात बाण थोडा ताणला जातो आणि तो एकूण ताण नेहमी १.६४६८ पट असतो. ८.२३४ ला त्याने भागा, ५ मिळतात. अंतर आणि कोन, दोन्ही एकाच फेरीत. भाचीने वहीच्या मागच्या पानावर सहा पायऱ्या स्वतः केल्या आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मला माझे शिकवण्याचे दिवस आठवले.

आता मुलं विचारतात, याची आम्हाला गरज काय? बडोद्यात हा प्रश्न पडायला नको खरं तर. हे ट्रान्सफॉर्मर आणि विजेच्या यंत्रांचं गाव आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते हाताला तांत्रिक काम शिकवण्यासाठी, आणि आज तिथे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. एसी करंटचं कुठलंही गणित घ्या, त्यात आकार आणि कोन दोन्ही असतात. बेरीज-वजाबाकी रेक्टँग्युलरमध्ये सोपी, गुणाकार-भागाकार पोलरमध्ये सोपा. त्यामुळे एकाच उदाहरणात तीन-चार वेळा इकडून तिकडे जावं लागतं.

एका कॉइलचा रोध ८ ओहम आणि रिअॅक्टन्स, म्हणजे कॉइल असल्यामुळे एसीला होणारा जादा विरोध, १५ ओहम आहे. २३० व्होल्ट लावले. पोलला ८ आणि १५ द्या: १७ ओहम, कोन ६१.९३. करंट म्हणजे २३० भागिले १७, १३.५३ अँपिअर, आणि भागाकारात कोन वजा होतो म्हणून वजा ६१.९३ अंश. करंट व्होल्टेजच्या मागे आहे. आता रेकला १३.५३ आणि वजा ६१.९३ द्या: ६.३७ आणि वजा ११.९४. यातले ६.३७ अँपिअर खरं काम करतात. २३० ने गुणलं की सुमारे १४६४ वॅट. पडताळा हवा असेल तर करंटचा वर्ग गुणिले ८ करा, तेवढेच वॅट येतात.

बेरजेची चूकही इथेच होते. एका फांदीतून १० अँपिअर ३० अंशांवर, दुसरीतून ६ अँपिअर वजा ४५ अंशांवर. एकूण १६ नव्हे. दोन्ही रेकमधून काढा: ८.६६ आणि ५, मग ४.२४ आणि वजा ४.२४. बेरीज १२.९० आणि ०.७६. ती पोलला द्या: १२.९३ अँपिअर, ३.३६ अंश.

९९१ ईएससारख्या मॉडेलवर मोड २ मध्ये संमिश्र संख्यांची सोय आहे, तिथे कोनाचं चिन्ह शिफ्ट आणि ऋण चिन्हाच्या बटणावर मिळतं आणि ही बेरीज एका ओळीत होते. ८२ वर ती सोय नाही. माझं मत असं, की पहिलं वर्षभर पोल-रेकनेच करावं. प्रत्येक पायरीला बाण कुठे आहे हे डोळ्यांसमोर राहतं.

मधले आकडे दोन दशांशांपर्यंत कापून पुढे वापरू नका, कप्प्यांतूनच उचला. पण प्रत्येक नवा पोल किंवा रेक जुने कप्पे पुसून टाकतो, तेव्हा लागणारा आकडा आधी ए किंवा बी मध्ये हलवून ठेवा. पोलचा कंस बंद करून पुढे अधिक ५ लिहिलंत तर ते फक्त अंतरात मिळतं, कोनाचा त्यात विचार होत नाही. आणि हाताने वर्ग करताना वजा ३ ला कंसात घाला. कंस नसेल तर कॅल्क्युलेटर आधी ३ चा वर्ग करून मग वजा लावतो, ९ च्या जागी वजा ९ येतं आणि वर्गमूळ भलतंच निघतं.

सिव्हिलवाल्यांसाठीही एक युक्ती आहे, माझ्या भाच्याला ती फार उपयोगी पडली. सर्व्हेत कोन उत्तरेपासून आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. आपल्या मांडवीवर तो चांपानेर दरवाज्यापासून सुरू होईल आणि पाणीगेट ९० वर येईल. अशा वेळी पोलला आधी उत्तरेचा आकडा द्यायचा आणि मग पूर्वेचा. गेंडीगेटकडे ४०० आणि लहेरीपुऱ्याकडे ३०० असेल तर वजा ४००, स्वल्पविराम, वजा ३००. उत्तर ५०० आणि वजा १४३.१३. त्यात ३६० मिळवले की २१६.८७. बेअरिंग तयार. नैर्ऋत्येचा बिंदू १८० आणि २७० च्या मध्येच हवा, आणि तो तिथेच आहे.

भाचीने जायच्या आधी पहिलं उदाहरण पुन्हा घेतलं. या वेळी आधी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, डाव्या वरच्या कोपऱ्यात एक टिंब दिलं, टिंबाशेजारी "लहेरीपुरा-चांपानेर" असं लिहिलं, आणि मग शिफ्ट दाबलं.